जुना कोलायटिस आणि आतड्याचा कॅन्सर: दुर्बीण कधी, कशी आणि कुठे (बेळगाव सीमाभागातल्या पेशंटसाठी)

मोठ्या आतड्याची सूज बरीच वर्षं राहिली तर तिथे कॅन्सर होण्याची शक्यता वाढते, हे कोलायटिसच्या पेशंटला कधी ना कधी कुणी तरी ऐकवतंच. ऐकल्यावर काही जण रात्र-रात्र जागतात, काही जण कानाआड करतात. दोन्हीने काही साधत नाही. हा कॅन्सर सहसा एकदम उगवत नाही. आधी सूज, मग पेशींमध्ये बदल आणि त्यानंतर कॅन्सर, असा त्याचा वर्षानुवर्षांचा प्रवास असतो. मधल्या टप्प्यावर तो दुर्बिणीने, म्हणजे कोलोनोस्कोपीने (गुदद्वारातून कॅमेऱ्याची नळी घालून मोठं आतडं बघणं), पकडता येतो. त्यासाठी दुर्बीण ठरलेल्या वेळी आणि पोट शांत असताना व्हायला हवी, आणि आपल्याकडे घोडं नेमकं इथंच अडतं. पोट बिघडलं की लोक धावतात, बरं वाटलं की फाईल कपाटावर जाते. "आता बरं हाय की, कशाला परत नळी घालून घ्यायची?" हे मी शहापुरात ऐकलंय, खानापुरात ऐकलंय आणि आमच्या घरातही.

मी डॉक्टर नाही. ताईला अल्सरेटिव्ह कोलायटिस (मोठ्या आतड्याची जुनाट सूज) आहे आणि तिची फाईल सांभाळायचं काम माझ्याकडे आलं, त्यातून हे सगळं कळत गेलं. निर्णय तुमच्या पोटविकारतज्ज्ञांनीच घ्यायचा. त्यांच्यासमोर काय घेऊन बसायचं आणि काय विचारायचं, एवढंच इथे आहे.

हे लिहिलंय अल्सरेटिव्ह कोलायटिस असलेल्यांसाठी आणि ज्यांना क्रोन्स (पचनमार्गात कुठेही होऊ शकणारा सुजेचा आजार) आहे आणि त्यात मोठ्या आतड्यालाही सूज आहे त्यांच्यासाठी. दोन्ही मिळून आयबीडी, म्हणजे आतड्याला सूज येणारे जुनाट आजार. आयबीएस वेगळं. त्यात पोट दुखतं, शौचाला धावावं लागतं, पण आतड्याला सूज नसते आणि कॅन्सरचा धोकाही त्यामुळे वाढत नाही. मूळव्याधीचंही तसंच. आपल्या भागात आणखी एक गोंधळ असतो तो टीबीचा. आतड्याचा टीबी आणि क्रोन्स दिसायला इतके सारखे की अनेकांना आधी टीबीची औषधं देऊन बघतात. तुमचं तसं झालं असेल तर शेवटी निदान काय ठरलं ते एकदा स्पष्ट विचारा आणि कागदावर लिहून घ्या.

आधी साल पक्कं करा

देखरेखीची पहिली दुर्बीण साधारण आठ वर्षांनी करतात. ही आठ वर्षं मोजायची ती त्रास सुरू झाला तिथून, निदान झालं तिथून नाही. ऐकायला किरकोळ वाटतं, पण सगळा हिशेब यावर फिरतो.

कारण आपल्याकडे निदान उशिरा होतं. संडासात रक्त दिसलं की पहिला संशय मूळव्याधीवर. बसस्टँडजवळच्या "बिना ऑपरेशन" बोर्डाखाली दोन वर्षं जातात, मग आव समजून गोळ्या, मग कुणाचा तरी काढा. बायकांच्या बाबतीत तर घरात सांगायलाच वर्ष जातं. ताईची फाईल 2014 पासूनची आहे. पोटविकाराच्या डॉक्टरांनी मात्र विचारलं, "रक्त पहिल्यांदा कधी दिसलं?" ती म्हणाली, धाकट्याच्या बारशाच्या सुमारास. म्हणजे 2009. फाईलवर जाऊन चाललं असतं तर दुर्बिणीचं साल 2022 निघालं असतं, प्रत्यक्षात ते 2017 होतं.

साल आठवत नसेल तर तारखा उकरत बसू नका, प्रसंग आठवा. लग्नाच्या आधी की नंतर? कुठल्या बाळंतपणात? मुलाच्या दहावीच्या वर्षी? 2005 च्या पुराच्या वेळी त्रास होता का, की 2019 च्या महापुरानंतर सुरू झाला? निपाणी-चिकोडीकडच्या लोकांना पुराचं साल पक्कं आठवतं, त्याचा उपयोग करा. मग फाईलच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहा: "त्रास सुरू: अमुक साल. निदान: तमुक साल."

आजार कुठवर गेलाय?

हे पहिल्या कोलोनोस्कोपीच्या रिपोर्टमध्ये असतं. तीन शब्द शोधा.

प्रॉक्टायटिस म्हणजे सूज फक्त गुदाशयात, शेवटच्या वीतभर भागात. यात कॅन्सरचा धोका जवळजवळ इतरांइतकाच असतो आणि देखरेखीच्या दुर्बिणीची गरज सहसा नसते. डाव्या बाजूचा कोलायटिस असेल तर धोका मध्यम. पॅनकोलायटिस किंवा एक्स्टेन्सिव्ह लिहिलं असेल तर बहुतेक किंवा सगळं मोठं आतडं सापडलेलं असतं आणि खरी काळजी इथे घ्यायची. क्रोन्समध्ये मोठ्या आतड्याचा साधारण एक तृतीयांशापेक्षा जास्त भाग सापडला असेल तर नियम कोलायटिसचेच लागतात.

आजार पसरू शकतो. दहा वर्षांपूर्वी प्रॉक्टायटिस होता म्हणून आजही तेवढाच असेल असं नाही. म्हणून आठ वर्षांनंतरची एक दुर्बीण सगळ्यांनीच करावी, ती आजार कुठवर आलाय ते नव्याने बघण्यासाठी.

आकडे, घाबरवण्यासाठी नव्हे

2001 मध्ये ब्रिटिश संशोधकांनी 116 अभ्यास एकत्र करून अल्सरेटिव्ह कोलायटिसचा हिशेब मांडला: 10 वर्षांनी 2 टक्के, 20 वर्षांनी 8 टक्के, 30 वर्षांनी 18 टक्के पेशंटना आतड्याचा कॅन्सर. इंटरनेटवर अजून हेच आकडे फिरतात आणि माणूस हबकतो. पण त्यातले बरेच पेशंट मोठ्या हॉस्पिटलांतले, म्हणजे मुळातच जास्त आजारी होते, आणि तेव्हाची औषधंही आजच्याइतकी नव्हती. 2013 च्या एका मोठ्या एकत्रित अभ्यासात हेच प्रमाण 10 वर्षांनी सुमारे 1 टक्का, 20 वर्षांनी 2 टक्के आणि त्यापुढे 5 टक्के आलं. शंभरातले पंचाण्णव त्यातून सुटतात. आपण त्या पाचात पडणार की नाही याचा अंदाज पुढच्या गोष्टींवरून येतो.

दर किती वर्षांनी?

दरवर्षी करावी लागते ती या लोकांना: सूज मोठ्या भागात आणि अजून जोरात आहे, आतडं कुठे अरुंद झालंय, गेल्या पाच वर्षांत बायोप्सीत (तपासायला घेतलेल्या तुकड्यात) डिसप्लेशिया, म्हणजे पेशींमधला कॅन्सरआधीचा बदल, आला होता, किंवा आई, वडील, सख्खं भावंड, मूल यांपैकी कुणाला पन्नाशीच्या आत आतड्याचा कॅन्सर झालाय. आणि ज्यांना पीएससी (पित्तनळ्यांचा एक आजार) आहे त्यांना. त्याबद्दल खाली वेगळं लिहिलंय.

सूज पसरलेली पण सौम्य, आत स्यूडोपॉलिप दिसलेत, किंवा जवळच्या नात्यात पन्नाशीनंतर कुणाला कॅन्सर झालाय, अशांना दोन-तीन वर्षांनी. स्यूडोपॉलिप म्हणजे जुन्या जखमा भरताना उरलेले उंचवटे. ते स्वतः सहसा कॅन्सर होत नाहीत. पण इथे एके काळी सूज जबर होती याची ती खूण असते, आणि त्यांच्या गर्दीत खरी गाठ लपू शकते.

बाकीच्यांना, म्हणजे सूज शांत असलेल्यांना किंवा फक्त डावी बाजू सापडलेल्यांना, पाच वर्षांनी चालतं. ही विभागणी युरोपातल्या पद्धतीची. अमेरिकेत काही ठिकाणी एक ते तीन वर्षं सांगतात. तुमचे डॉक्टर कुठली धरतात ते विचारा आणि पुढच्या दुर्बिणीचं साल त्यांच्याच हाताने फाईलवर लिहून घ्या. तोंडी सांगितलेलं साल दिवाळीपर्यंत कुणाच्या लक्षात राहत नाही.

पीएससी (प्रायमरी स्क्लेरोझिंग कोलँजायटिस) हा यकृताच्या आतल्या-बाहेरच्या पित्तनळ्यांचा आजार. तो कोलायटिसबरोबर येतो, बऱ्याचदा गुपचूप, आणि असला तर आतड्याच्या कॅन्सरचा धोका कितीतरी पटींनी वाढतो. अशा पेशंटने आठ वर्षं थांबायचंच नाही, पीएससी कळल्यापासून दरवर्षी दुर्बीण. गंमत अशी की यांचा कोलायटिस पुष्कळदा अगदी सौम्य असतो, त्यामुळे दुर्लक्ष होतं. लिव्हरच्या रक्ततपासणीत अल्कलाइन फॉस्फेटेज सारखं वाढलेलं येत असेल, अंगाला कारणाशिवाय खाज येत असेल, तर "पीएससी बघायला हवं का?" असं सरळ विचारा. त्यासाठी एमआरसीपी नावाची तपासणी असते, ती एमआरआयचाच एक प्रकार.

तारीख घेताना

पोट शांत असतानाची तारीख घ्या. सुजेमुळे पेशी अशा काही बदललेल्या दिसतात की पॅथॉलॉजिस्टलाही हा सुजेचा परिणाम की डिसप्लेशिया, हे ठरवणं अवघड जातं. रक्त पडत असताना, दिवसाला आठ-दहा वेळा जावं लागत असताना केलेली दुर्बीण ही उपचारासाठीची. ती झाली म्हणून देखरेखीची झाली असं धरू नका.

बुकिंग करताना "कोलोनोस्कोपी करायची आहे" एवढंच सांगून भागत नाही. "जुना कोलायटिस आहे, डिसप्लेशियासाठी देखरेखीची दुर्बीण आहे" असं सांगा. कारण साध्या माणसात कॅन्सर बहुधा उंच पॉलिपमधून (आतड्यातल्या गाठीसारख्या वाढीतून) सुरू होतो, तो दिसतो. कोलायटिसमध्ये मात्र बदल सपाट असू शकतो, नुसत्या नजरेला चकवणारा. म्हणून आतड्यावर निळा रंग फवारून बघतात. त्याला क्रोमोएन्डोस्कोपी म्हणतात. रंग असतो मिथिलीन ब्लू किंवा इंडिगो कारमाइन, आणि त्याने सपाट डागाची कड उठून दिसते. नीट करायला जास्त वेळ लागतो, म्हणून आधी कळवलेलं बरं. हाय डेफिनिशन दुर्बीण आहे का आणि रंग वापरणार का, हे दोन प्रश्न विचारायला संकोच नको. रंग नसेल तर दर दहा सेंटिमीटरवर चारही बाजूंनी तुकडे घेण्याची जुनी पद्धत आहे, तीही चालते, फक्त तुकडे भरपूर निघतात.

पोट साफ करणं

निम्मी तपासणी इथेच जिंकली किंवा हरली जाते. आत मळ राहिला तर सपाट डाग दिसणारच नाही.

तीन दिवस आधीपासून चोथा बंद. म्हणजे जोंधळ्याची आणि नाचणीची भाकरी बंद, मटकीची उसळ, शेवग्याच्या शेंगा, पालेभाज्या, पेरू, बियांचं वांगं-टोमॅटो, शेंगदाण्याची चटणी बंद. मऊ भात (बेळगाव बासमतीचा असला तर दुधात साखर), गाळलेलं वरण, दही, साल काढलेला उकडलेला बटाटा, अंडं चालतं. आदल्या दिवशी फक्त पातळ: डाळीचं वरचं पाणी गाळून, शहाळ्याचं पाणी, गाळलेलं लिंबू सरबत, बिनदुधाचा चहा. कोकम सरबत, सोलकढी आणि बीट टाळा, लाल रंग आत रक्तासारखा दिसतो.

लोहाच्या गोळ्या आठवडाभर आधी बंद करायला सांगतात, त्याने मळ काळा नि चिकट होतो. रक्त पातळ करायच्या आणि डायबेटिसच्या गोळ्यांचं डॉक्टरांना विचारूनच ठरवा. कोलायटिसची औषधं मात्र आपल्या मनाने थांबवू नका. पावडर पॉलिएथिलीन ग्लायकॉलची, म्हणजे पेग असलेली मागा. सोडियम फॉस्फेटची नको, तिने आतड्यात छोटे व्रण उठू शकतात आणि ते आजाराचेच वाटतात.

पावडर बहुधा दोन लिटर पाण्यात कालवायची असते. अर्धी संध्याकाळी, अर्धी तपासणीच्या चार ते सहा तास आधी. ही दुसरी अर्धी महत्त्वाची, आणि सीमाभागातल्या माणसाला तीच जड जाते. सकाळी नऊची तपासणी असेल तर पहाटे चारला पावडर घ्यायची आणि सहाला निपाणीहून बस धरायची, हे कसं जमणार? वाटेत हत्तरगी टोलनाक्यापाशी माणूस रडकुंडीला येतो. उपाय दोनच. दुपारची वेळ मागून घ्या किंवा आदल्या दिवशी बेळगावात पाहुण्यांकडे मुक्काम करा. पाहुण्यांना कारण सांगायला लाजू नका, त्यांना संडास मोकळा ठेवावा लागणार आहे. पावडर गार करून, स्ट्रॉने आणि मधे लिंबू चोखत घेतली तर उतरते. शेवटी पिवळसर, आरपार दिसणारं पाणी पडायला लागलं की झालं. गढूळ पडत असेल तर तिथल्या सिस्टरला आधी सांगा.

त्या दिवशी, आणि बाटल्यांचं

भूल देणार असतील तर सोबत मोठं माणूस हवंच, आणि त्या दिवशी गाडी चालवायची नाही. धोका क्वचित, पण आतड्याला भोक पडू शकतं. नंतर पोटात जोराची कळ, ताप किंवा खूप रक्त असेल तर घरी थांबू नका.

छोट्या ठिकाणी बायोप्सीच्या बाटल्या नातेवाइकाच्या हातात देतात आणि "लॅबला नेऊन द्या" म्हणतात. इथे थांबून नीट बघा. मला दिल्या तेव्हा त्या अंगठ्याएवढ्या प्लास्टिकच्या बाटल्या होत्या, आत फॉर्मालिन (तुकडे टिकवणारा द्रव) आणि तळाशी तांदळाच्या कणीएवढे पांढुरके तुकडे. प्रत्येक बाटलीवर आतड्याच्या कुठल्या भागातला तुकडा ते लिहिलेलं असलं पाहिजे: सीकम, असेंडिंग, ट्रान्सव्हर्स, डिसेंडिंग, सिग्मॉइड, रेक्टम. कुठे वेगळी गाठ किंवा डाग दिसला असेल तर त्याची बाटली स्वतंत्र. सगळे तुकडे एकाच बाटलीत आले आणि रिपोर्ट वाईट आला, तर वाईट नक्की कुठे हे कुणालाच सांगता येणार नाही. बाटल्यांचे फोटो काढून ठेवा. सोबतच्या चिठ्ठीवर "अल्सरेटिव्ह कोलायटिस, इतकी वर्षं, डिसप्लेशिया बघणे" असं डॉक्टरांकडून लिहून घ्या. नुसतं "बायोप्सी" लिहिलेल्या चिठ्ठीवर लॅब तरी काय शोधणार!

रिपोर्टमध्ये काय वाचायचं

"निगेटिव्ह फॉर डिसप्लेशिया" असेल तर पुढचं साल लिहा आणि घरी जा.

"इनडेफिनिट" म्हणजे ठरवता येत नाही. बहुधा सूज आड येते. औषध वाढवून, सूज शांत करून दुर्बीण लवकर पुन्हा.

"लो ग्रेड" किंवा "हाय ग्रेड" डिसप्लेशिया असेल तर तो अजून कॅन्सर नाही, हे आधी घरच्यांना सांगा. मग दुसऱ्या, पोटाच्या बायोप्सीत मुरलेल्या पॅथॉलॉजिस्टचं मत घ्या. ही नियमात बसणारीच गोष्ट आहे, डॉक्टरांचा त्यात अपमान नाही. लॅबकडून स्लाइड आणि मेणाचा ब्लॉक मागून घेता येतो. तो पाकिटात घालून कोल्हापूर, पुणे किंवा मुंबईला टाटा मेमोरियलला नेता येतो, आणि पेशंटला प्रवास घडत नाही. बदल दिसणाऱ्या गाठीत असेल आणि ती दुर्बिणीतूनच पूर्ण काढता आली, तर आतडं वाचतं. मग काही महिन्यांत ते वर्षभरात पुन्हा तपासणी. बदल सपाट, न दिसणाऱ्या जागी सापडला तर अनुभवी हाताने रंग टाकून पुन्हा शोधतात. हाय ग्रेड, अनेक ठिकाणी किंवा काढता न येणारा असेल तर मोठं आतडं काढण्याचा विषय निघतो. त्या वेळी सर्जन आणि पोटविकारतज्ज्ञ दोघांशी बोला. ऑपरेशननंतर गुदाशयाचा तुकडा ठेवला असेल तर त्याचीही दुर्बीण चालू राहते, हे अनेकांना कुणी सांगत नाही.

दोन दुर्बिणींच्या मधे

सूज आटोक्यात ठेवणं हाच यातला मोठा उपाय. मेसालामिन किंवा सल्फासालाझिन ही सूज कमी ठेवणारी औषधं बरं वाटलं तरी चालू ठेवायची असतात. सल्फासालाझिन घेणाऱ्यांनी फॉलिक अॅसिडचं विचारावं. सहा-आठ महिन्यांनी शौचाची कॅलप्रोटेक्टिन तपासणी केली तर आत सूज आहे की नाही याचा अंदाज येतो, पोटाला कळायच्या आधीच. मेडिकलमधून आपल्या मनाने आणलेल्या दुखण्याच्या गोळ्यांनी आजार उसळू शकतो. "लगेच गुण येतो" अशा बेनावाच्या पुडीत स्टेरॉइड निघण्याचे प्रकार होतात, तेव्हा पुडी घेत असाल तर डॉक्टरांपासून लपवू नका.

निपाणीचा पट्टा तंबाखूचा. शेतात, वखारीत, विडी वळताना तो हाताला असतोच. क्रोन्समध्ये ओढण्याने आजार जोर धरतो, हे पक्कं आहे. कोलायटिसमध्ये सोडल्यावर कधी कधी त्रास वाढल्याचं दिसतं आणि त्यावरून "विडी पोटाला बरी" असा शोध लावणारे भेटतात. त्यांच्या नादी लागू नका, सोडताना डॉक्टरांना कळवा एवढंच.

दुर्बिणीच्या तारखेची वाट न बघता जावं असं काय? वजन उतरतंय, हिमोग्लोबिन घसरतंय, मळ बारीक पडतोय किंवा पोट फुगून अडल्यासारखं होतंय, नेहमीच्या औषधाने न थांबणारं रक्त. यातलं बरंचसं आजार उसळल्यावरही होतं, म्हणून घरी बसून निवाडा करू नका. सोनोग्राफी, सीईए नावाची रक्ततपासणी किंवा शौचातलं रक्त शोधणारी तपासणी, यांतली कुठलीही देखरेखीच्या दुर्बिणीची जागा घेत नाही.

कुठे आणि पैशाचं

बेळगावात केएलईचं प्रभाकर कोरे रुग्णालय आणि सरकारी बिम्स रुग्णालय आहे. निपाणीकरांना कोल्हापूर जवळ पडतं, अथणीकडच्यांना मिरज. कॅन्सरच निघाला तर हुबळीत नवनगरचं कॅन्सर हॉस्पिटल, बंगळूरचं किदवई, मुंबईचं टाटा. कुठलंही निवडा, पण देखरेख शक्यतो एकाच ठिकाणी ठेवा. दर वेळी डॉक्टर बदलला की मागचं आतडं कसं दिसत होतं हे बघणारा कुणी उरत नाही. बदलावं लागलंच तर रिपोर्टबरोबर दुर्बिणीचे फोटो आणि सीडी घेऊन जा.

आयुष्मान भारत-आरोग्य कर्नाटक योजनेत बीपीएल कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंत, तर एपीएलला ठरलेल्या खर्चाच्या 30 टक्के मदत मिळते. तातडीचं नसेल तर सरकारी दवाखान्याची शिफारसचिठ्ठी लागते, तेव्हा खासगीत भरती व्हायच्या आधी ती काढा. महाराष्ट्राने 2023 मध्ये महात्मा फुले जनआरोग्य योजना 865 सीमाभागातल्या गावांना लागू करायचं ठरवलं. कोल्हापूर-मिरजेला जाणार असाल तर निघण्याआधी त्या हॉस्पिटलच्या आरोग्यमित्राला (योजनेचं काम बघणाऱ्या माणसाला) फोन करून तीन गोष्टी विचारा: आमच्या गावाचं नाव चालतं का, कागद कुठले लागतील, आणि नुसती दुर्बीण बसते की भरती असेल तरच. कन्नडमधलं रेशनकार्ड आणि रहिवासाचा दाखला तिथे वाचता येत नाही म्हणून अडतं, म्हणून त्यांचा मराठी किंवा इंग्रजी तर्जुमा करून साक्षांकित प्रत सोबत ठेवा.